गोलपोस्टपुढचा माणूस

२९ ऑगस्टला आमच्या शाळेत राष्ट्रीय क्रीडा दिन साजरा झाला. मेजर ध्यानचंद यांची ही जयंती. दरवर्षीप्रमाणे फोटोला हार घातला, दोन मुलांनी पाठ केलेली भाषणे एका दमात म्हणून टाकली आणि कार्यक्रम संपत आला असताना आठवीतल्या एका मुलाने विचारले, "मॅडम, तुम्ही हॉकीची मॅच कधी बघितली आहे का?"

प्रश्न रास्त होता. आमच्या लोणी-धामणीच्या पट्ट्यात हॉकीची स्टिक शोधूनही सापडायची नाही. आंबेगाव तालुक्याच्या या पूर्वेकडच्या कोरड्या भागात खेळ म्हणजे कुस्ती, कबड्डी आणि बैलगाडा. पोरे क्रिकेट खेळतात ते कापणी झालेल्या रानात. हॉकी भेटते ती सामान्यज्ञानाच्या पुस्तकात, एका ओळीत.

आम्ही म्हटले, "बघितली आहे. एक फायनल तर अशी बघितली की पाव शतक उलटून गेले तरी अजून डोळ्यांपुढून हलत नाही." तास संपायला दहा मिनिटे होती. तेवढ्यात जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. उरलेले राहून गेले. ते या महिन्यात वाचकांना सांगायचे ठरवले आहे, कारण त्या उरलेल्या भागाची गरज मुलांपेक्षा आम्हालाच जास्त होती, हे पुढच्या पंधरा दिवसांतच कळून चुकले.

तारीख होती १९ डिसेंबर १९९८. शनिवार. रमजानचा चाँद एक-दोन दिवसांवर आला होता. घरात तयारीची गडबड होती. अम्मी आणि आम्ही बहिणी ओसरीवर डाळ-तांदूळ निवडत बसलो होतो. तिकडे थायलंडमध्ये, बँकॉकला, आशियाई क्रीडा स्पर्धा शेवटच्या टप्प्यात होत्या आणि हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताची गाठ दक्षिण कोरियाशी होती. आशियाई स्पर्धेत हॉकीचे सुवर्णपदक भारताने शेवटचे जिंकले ते १९६६ साली, तेही बँकॉकमध्येच. मध्ये ३२ वर्षे गेली होती. अम्मीचे लग्न झाले नव्हते तेव्हाची गोष्ट.

आमच्या अब्बांनी आयुष्यातली पंचवीसेक वर्षे खडकीच्या कारखान्यात काढली. आम्ही सगळे लोणीला, अब्बा खडकीला कामगारांच्या खोलीवर आणि आठवड्याच्या सुट्टीला एसटीने घरी, असा संसार. निवृत्त होऊन गावी आले त्याला दोन वर्षे झाली होती. खडकीने त्यांना दोन गोष्टी दिल्या, असे ते म्हणत. एक पेन्शन आणि दुसरे हॉकीचे वेड. लष्करी छावणी आणि दारूगोळ्याचे कारखाने यांच्यामुळे खडकीत हॉकी जुनी. कामावरून सुटले की अब्बा मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहत. मोडलेल्या स्टिकला चिकटपट्टी किंवा सुतळी गुंडाळून, टाकून दिलेल्या चेंडूंनी पोरे खेळत. त्याच कारखाना वसाहतीतल्या मैदानावर एका मैदान सांभाळणाऱ्याची मुलेही खेळत होती. त्यातला एक धनराज पिल्ले. १६ जुलै १९६८ चा जन्म, घर तमिळ, पण वाढला खडकीत आणि मराठी बोलतो तुमच्याआमच्यासारखी. बनारसच्या मोहम्मद शाहिदचा खेळ बघून त्याची नक्कल करत करत तो तयार झाला, आणि बँकॉकला गेलेल्या भारतीय संघाचा कर्णधारही तोच होता.

"त्या पोरांमध्ये मी त्याला बघितले असेलच," अब्बा म्हणायचे. मग प्रामाणिकपणे पुढे जोडायचे, "ओळखून नव्हे. तेव्हा काय माहीत कोण कुठे जाणार ते."

आमच्याकडे तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. पत्र्याच्या छपरावर अँटेना. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. त्या दिवशी सामना सुरू झाला आणि मुंग्याही सुरू झाल्या. धाकट्या भावाला छपरावर चढवण्यात आले. त्याने अँटेनाचा दांडा धरून ठेवला की चित्र स्वच्छ, सोडला की मुंग्या. मग काय, त्याची सुटका झालीच नाही. घरातला सर्वांत मोठा हॉकीवेडा पोरगा तो, आणि त्याला पूर्ण सामन्यात एक चेंडू दिसला नाही. दर दोन मिनिटांनी वरून आवाज यायचा, "काय झालं? अरे, कुणीतरी सांगा ना, काय झालं?"

टीव्हीपुढे अब्बा, दोन चुलतभाऊ आणि शेजारचे तात्या. तात्या म्हणजे बैलगाड्याचा माणूस. आसपासच्या कोणत्या यात्रेत कोणाचा गाडा घाटाचा राजा झाला आणि कोणत्या गाड्याने फळी फोडली, हे त्यांना तोंडपाठ. हॉकी त्यांनी आधी पाहिली नव्हती, पण शेजारी गर्दी आहे म्हटल्यावर ते घरी थोडेच बसणार.

"यात सेकंद कुठं दिसतात?" त्यांनी विचारले.

"सेकंद नाहीत तात्या, गोल मोजायचे," अब्बा म्हणाले. "पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या दोन बाऱ्या. अकरा विरुद्ध अकरा."

"आणि आपला गाडा कुठला?"

अब्बांनी पडद्यावर बोट ठेवले. मोकळे केस उडवत उजवीकडून एक जण धावत सुटला होता. "तो बघा. तो आपल्या खडकीचा."

एवढे पुरे झाले. त्यानंतर तात्यांना नियमांची गरज उरली नाही. धनराजकडे चेंडू गेला की ते मांडीवर थाप मारून "हो हो हो हो" असे ओरडत, जसे घाटात ओरडतात. दादी दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. तिला पडद्यावर धड काही दिसत नव्हते. ती विचारायची, "कौन जीत रहा?" आणि उत्तर ऐकायच्या आत तसबीह पुढे सरकवायची. आम्ही बहिणी डाळ निवडायचे सोडून कधी आत सरकलो ते आमचे आम्हालाच कळले नाही. त्या दिवशीच्या डाळीत रमजानभर खडे निघाले.

सामना कसा झाला ते सांगायला आम्ही समालोचक नाही. आठवते ते एवढेच, की कोरियाची पोरे दमतच नव्हती. चेंडू हरवला की पुढच्या क्षणी तिघे-तिघे अंगावर. आपली माणसे तीन जणांना चकवून सुंदर पुढे जात आणि चौथा चेंडू काढून घेई. दोन्ही बाजूंना एकेकच गोल. पुढे काही होईना. १-१ वर सामना अडकला तो अडकलाच, आणि शेवटी निकाल टायब्रेकरवर गेला.

आजच्या मुलांना जे शूटआउट माहीत आहे ते वेगळे. तेव्हा पेनल्टी स्ट्रोक असत. गोलपासून साधारण साडेसहा मीटरवर चेंडू ठेवायचा. मारणारा एक आणि अडवणारा एक. मध्ये कोणी नाही. गोल बारा फूट रुंद, सात फूट उंच. चेंडू स्टिकवरून सुटेपर्यंत गोलरक्षकाने रेषेवरून पाय हलवायचा नाही. प्रत्येक संघाला पाच संधी. नीट मारलेला स्ट्रोक अडवणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून तो चुकला की मारणाऱ्याची चूक म्हणतात, आणि अडला तर नशीब म्हणतात.

दादीने डोळे बारीक करून बघितले. पॅड बांधलेला, तोंडावर जाळी चढवलेला एक माणूस मोठ्या चौकटीपुढे उभा होता. ती म्हणाली, "वो बेचारा अकेला कायकू खडा है?"

कोणी उत्तर दिले नाही. पण आमचे लक्ष अब्बांकडे गेले ते तेव्हा. ते उठून उभे राहिले होते आणि काहीतरी विचित्र करत होते. भारताचा खेळाडू स्ट्रोक मारायला आला की ते भिंतीकडे तोंड फिरवत. कोरियाचा खेळाडू आला की वळून टीव्हीकडे बघत. सगळे लोक उलटे करतात. आपला मारणार असेल तेव्हा डोळे फाडून बघतात आणि समोरचा मारताना डोळे मिटतात. अब्बांना आपण किती गोल करतो याच्याशी काही देणेघेणेच नव्हते. ते फक्त त्या चौकटीपुढच्या माणसाला बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

त्या माणसाचे नाव आशिष बल्लाळ. त्याने एक स्ट्रोक अडवला. तात्या बाजेवरून खाली आले. मग त्याने आणखी एक अडवला. छपरावरून भाऊ ओरडत होता, "काय झालं? काय झालं?" आणि खाली इतका गलका, की त्याला सांगायचे कोणाच्या ध्यानातच आले नाही. टायब्रेकर ४-२. भारत जिंकला. ३२ वर्षांनी.

भावाने शेवटी अँटेना सोडून खाली उडी मारली. तो घरात पोचला तेव्हा पडद्यावर नुसत्या मुंग्या होत्या आणि त्या मुंग्यांपुढे सगळे नाचत होते. पदके देतानाचे दृश्य आमच्यापैकी कोणीच पाहिले नाही. आजही तो म्हणतो, "ती फायनल मी जिंकून दिली," आणि आम्ही मान्य करतो. तात्या घरी जाऊन गूळ-शेंगदाणे घेऊन आले. गावात तेव्हा पेढे आणायला मंचर गाठावे लागे. अब्बा कोपऱ्यात बसून रडत होते. आनंदाने रडणारी माणसे आम्ही पाहिली होती. हे तसे दिसत नव्हते. हुंदका अगदी खोलवरून येत होता.

दादीने विचारले, "जीत गये ना? फिर कायकू रोता?"

त्या रात्री जेवणानंतर अब्बांनी आम्हा भावंडांना जे सांगितले, ते वर्गात सांगायचे राहून गेले होते.

१ डिसेंबर १९८२. दिल्लीत आशियाई स्पर्धा आणि हॉकीचा अंतिम सामना भारत विरुद्ध पाकिस्तान. आम्ही तेव्हा चार वर्षांचे. अब्बा खडकीला होते. वसाहतीत एका सहकाऱ्याच्या खोलीवर टीव्ही होता आणि त्यापुढे चाळीस-पन्नास माणसे कोंबून बसली होती. पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः मैदानात सामना बघायला आल्या होत्या. भारताचा कर्णधार झफर इक्बाल. पहिला गोल भारतानेच केला. खोली दणाणली. आणि मग पाकिस्तानचे गोल सुरू झाले. एक, दोन, तीन... थांबेचनात. शेवटी ७-१.

गोलमध्ये उभे होते मीर रंजन नेगी. चौथ्या की पाचव्या गोलनंतर खोलीतून शिव्या सुरू झाल्या. कोणीतरी म्हणाले, "विकला गेलाय हा." मग सगळेच म्हणू लागले. "आणि मीही म्हणालो," अब्बा म्हणाले. "मोठ्याने म्हणालो. बिक गया साला, असे. हाताच्या मुठी आवळून. मी त्या माणसाला ओळखत नव्हतो. त्याच्याविरुद्ध माझ्याकडे काय पुरावा होता? एवढाच, की माझ्या पोटात आग पडली होती आणि ती कुठेतरी टाकायची होती."

सामना संपला. लोक पांगू लागले. दारात चपला शोधत असताना रोज शेजारच्या यंत्रावर काम करणारा एक जण म्हणाला, "मीर नाव आहे ना त्याचं? मग तुमच्यातलाच की. तुम्हाला आज बरं वाटलं असेल."

नेगी हे आडनाव कुठले, तो माणूस कोण, हे त्याला माहीत नव्हते. अब्बांनाही नव्हते. पण तो प्रश्नच नव्हता. अब्बा म्हणाले, "दहा मिनिटांपूर्वी मी जे एका माणसाबद्दल ओरडलो होतो, तेच शब्द फिरून माझ्या अंगावर आले. त्याच खोलीत, त्याच तोंडांतून. मला वाटले, मी आता काय सांगू? की मी विकला गेलो नाही? ते कसे सिद्ध करतात? आणि मग लक्षात आले, की तोही आत्ता दिल्लीत हाच विचार करत असेल."

तो सहकारी वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने नेहमीसारखा डबा अर्धा पुढे केला आणि अब्बांनी खाल्ला. बोलणे झाले नाही. पण त्या दिवसानंतर अब्बांनी चारचौघांत बसून हॉकी बघितली नाही. भारत-पाकिस्तान तर नाहीच. रेडिओ कानाला लावून एकटे ऐकत. कोणी आपल्या चेहऱ्याकडे बघत बसेल, ही भीती एक. आणि दुसरी, जी त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा बोलून दाखवली: आपल्याच तोंडून पुन्हा तसे काही निघेल.

सोळा वर्षांनी, समोर कोरिया होता म्हणून, ते माणसांत बसले. आणि टायब्रेकर आला तेव्हा त्यांना आपला संघ दिसेना, फक्त तो एक माणूस दिसू लागला. "मी जिंकायची दुआ मागत नव्हतो," ते म्हणाले. "मी म्हणत होतो, या अल्लाह, हरायचेच असेल तर हरू दे, पण याच्या माथ्यावर हरू देऊ नकोस."

हॉकीत चेंडू गोलरक्षकापर्यंत पोचतो तो दहा जणांना ओलांडून. पुढच्याने सोडला, मधल्याने सोडला, मागच्याने सोडला, मग तो त्याच्याकडे येतो. पण लोकांना फक्त शेवटचा माणूस दिसतो. १९८२ च्या त्या ७-१ नंतर नेगींच्या वाट्याला काय आले, ते पुढे सगळ्या देशाला कळले. अफवा, टोमणे, पाकिस्तानकडून पैसे घेतल्याचा आरोप. एका नावावरून ज्यांना वेगळाच अर्थ लागला असेल, त्यांनी तोही लावला. बदनामीला जातधर्म नसतो, ती हाताशी येईल त्याला चिकटते.

बँकॉकच्या विजयाचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. काही दिवस कौतुक झाले. मग संघ निवडीची वेळ आली आणि कर्णधार धनराजसह सात जणांची नावे त्यात नव्हती. अधिकृत कारण होते विश्रांती. खेळाडूंना मिळणारे मानधन आणि वागणूक यांबद्दल धनराज उघडपणे बोलला होता, त्याची ही शिक्षा, असे तेव्हा बहुतेकांनी मानले. तो पुढे परतला, सिडनी आणि अथेन्स मिळून चार ऑलिंपिक पूर्ण केली, १९८९ ते २००४ या काळात ३३९ सामने खेळला. पण ३२ वर्षांनी सोने आणणाऱ्या माणसाला काही आठवड्यांत घरी बसावे लागते, हे पाहून तात्या म्हणाले होते, "आमच्याकडं घाटाचा राजा झालेल्या बैलाला वर्षभर पेंड घालतात." अब्बा काहीच बोलले नाहीत. हरणाऱ्याला शिक्षा देणारे जिंकणाऱ्यालाही सोडत नाहीत, हे त्यांना आधीच ठाऊक असावे.

मग आले २००७. 'चक दे! इंडिया' लागला. शाहरुख खानचा कबीर खान, पाकिस्तानविरुद्ध हरल्यावर गद्दार ठरवलेला. त्या चित्रपटातल्या मुलींना हॉकी शिकवली ती मीर रंजन नेगी यांनी, आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांत त्यांच्याविषयी रकानेच्या रकाने छापून आले. आम्ही एक दिवस शाळेतून घरी आलो तर अब्बा ओसरीवर पेपर मांडीवर घेऊन बसलेले. चष्मा कपाळावर. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवून पेपर आमच्याकडे केला.

१९९८ च्या बँकॉकच्या संघात गोलरक्षकांना शिकवणारे प्रशिक्षक होते मीर रंजन नेगी.

म्हणजे ज्या दिवशी आमच्या घरात अब्बा भिंतीकडे पाठ करून एका गोलरक्षकासाठी दुआ मागत होते, त्या दिवशी तो दुसरा गोलरक्षकही त्याच संघाबरोबर होता. बल्लाळने अडवलेल्या दोन स्ट्रोकमागे त्याची मेहनत होती. अब्बा कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सोळा वर्षे सब्र केला त्याने. आणि बघ, शिव्या देणाऱ्यांना उत्तर द्यायला नाही गेला. दुसऱ्याला अडवायला शिकवायला गेला."

आम्ही म्हटले, "त्यांना पत्र लिहू या का? माफीचे?"

अब्बा हसले. "माझ्यासारखे लाखो असतील. सगळ्यांनी पत्रे लिहिली तर बिचाऱ्याने वाचायची कधी? मी दुसरे काहीतरी करतो."

ते दुसरे काय, ते आम्हाला २०१४ साली कळले. २ ऑक्टोबर, गांधी जयंतीची सुट्टी. दुसऱ्या दिवशी दसरा आणि चार दिवसांवर बकरी ईद. इंचॉनला आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, भारत विरुद्ध पाकिस्तान. १९९८ नंतर सुवर्ण पुन्हा मिळाले नव्हते. टीव्ही आता रंगीत होता, छपरावर कोणाला चढवायची गरज नव्हती. आम्हाला वाटले, अब्बा आतल्या खोलीत जाऊन बसतील. पण त्यांनी स्वतः तात्यांना हाक मारली, गल्लीतल्या पोरांना बोलावले आणि सर्वांच्या मध्ये खुर्ची टाकून बसले. ३२ वर्षांनी, भारत-पाकिस्तान, चारचौघांत.

पुन्हा १-१. पुन्हा निकाल गोलरक्षकावर. आणि पुन्हा ४-२. या वेळी चौकटीपुढे पी. आर. श्रीजेश होता आणि त्यानेही दोन अडवले. पण आम्हाला लक्षात राहिले ते वेगळेच. सामन्याच्या सुरुवातीला पाकिस्तानने गोल केला तेव्हा गल्लीतला एक पोरगा ओरडला, "काय गोलकीपर आहे, झोपलाय का?" अब्बा त्याच्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "बाळा, चेंडू त्याच्यापर्यंत कोणकोणत्या हातून आला, ते आधी मोज." पोरगा गप्प झाला. तात्यांनी अब्बांच्या खांद्यावर हात ठेवला. तात्यांना १९८२ ची गोष्ट माहीत होती की नाही, आम्ही कधी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी आपट्याची पाने द्यायला ते नेहमीपेक्षा लवकर आले, एवढे खरे.

अब्बांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो.

आता पंधरा दिवसांपूर्वीचे सांगतो. क्रीडा दिनाला मुलांपुढे बँकॉकची फायनल रंगवून सांगितली, टाळ्या मिळवल्या आणि दोन आठवड्यांत आमच्या मुलींचा कबड्डीचा संघ घेऊन तालुक्याच्या स्पर्धेला गेलो. मुली जिद्दीने खेळल्या. शेवटच्या मिनिटाला एका गुणाने मागे होतो. शेवटची चढाई आमच्या नववीतल्या एका मुलीची. चपळ पोरगी. आत गेली, एकीला स्पर्श केला, आणि परत वळताना तिचा पाय बाजूच्या रेषेबाहेर पडला. शिट्टी. हरलो.

परतताना गाडीत सगळ्या गप्प होत्या. आणि आम्ही, बी.एड. झालेले, वीस-बावीस वर्षे शिकवणारे, महिन्याला या पानावर शहाणपण लिहिणारे, आम्ही म्हणालो, "एवढी ढळढळीत रेषा दिसली नाही का गं तुला? तुझ्यामुळे हातची मॅच गेली."

ती काही बोलली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. सोमवारी ती शाळेत आली नाही. मंगळवारीही नाही. मैत्रिणी म्हणाल्या, ताप आहे. मग एकीने हळूच सांगितले, "ताप नाही मॅडम. पोरी तिला रेषा म्हणून चिडवतात."

रेषा हे नाव तिला मुलींनी दिले, पण शब्द आमचा होता. मंगळवारी रात्री झोप लागली नाही. पोटातली आग कुठेतरी टाकायची होती, ती आम्ही नवव्या इयत्तेतल्या एका पोरीवर टाकली होती. पहिल्या डावात आमच्या संघाने आठ गुण घालवले होते. त्यात कोणाच्या पकडी सुटल्या, कोणाला कुठे उभे करायचे ते आम्ही चुकीचे ठरवले, हे सगळे त्या एका पावलाखाली झाकून टाकले होते. अब्बांच्या ओसरीवरची एवढी मोठी गोष्ट उराशी बाळगून आम्ही काय शिकलो होतो?

बुधवारी शाळा सुटल्यावर तिच्या वस्तीवर गेलो. आई रानात होती, आजी शेळीला पाला घालत होती. पोरगी आतून बाहेर येईना. आम्ही ओट्यावर बसलो आणि दाराकडे बघून, आजीला सांगतोय असे दाखवत, सगळी गोष्ट सांगितली. १९८२ ची सांगितली, अब्बा काय ओरडले ते सांगितले, नंतर त्यांच्या वाट्याला काय आले तेही सांगितले. १९९८ ची सांगितली. आणि शेवटी म्हटले, "परवा गाडीत मी जे बोलले, ते चुकीचे बोलले. मॅच तुझ्यामुळे गेली नाही. आपण सगळ्यांनी मिळून घालवली, आणि त्यात पहिली मी."

बऱ्याच वेळाने ती दारात आली. तिने एकच प्रश्न विचारला.

"तो गोलकीपर मग परत मैदानात आला, तेव्हा त्याला भीती नाही वाटली?"

आम्ही म्हटले, "वाटली असेल. तरी आला."

ती काही म्हणाली नाही. आजीने चहा ठेवला. गुरुवारी सकाळी प्रार्थनेच्या रांगेत ती उभी होती. संध्याकाळी सरावाला आली. आम्ही संघातल्या सातही मुलींना मैदानावर बसवले आणि त्या सामन्यात आपला एकेक गुण कुठे कुठे गेला, ते फळ्यावर मांडायला लावले. यादी संपली तेव्हा तिच्या नावापुढे एक होता. आमच्या नावापुढे, मुलींनी संकोचत संकोचत लिहिले, दोन.

सराव सुरू झाला. तिने मैदानाच्या दोन्ही बाजूंना जाऊन फक्कीची रेषा स्वतःच्या हाताने पुन्हा आखली, आणि पहिल्या चढाईला ती उतरली.